वाळा : दारातला आणि धुऱ्यावरचा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्याचा वसंत असणार. सायंकाळी वारा पडावा, नदीकाठावर माणसांनी जमावे आणि शहाण्यासुरत्या माणसाचे चार शब्द ऐकावेत, असा तो वसंत. आपल्या वऱ्हाडात वसंत येतो तो अंगावर येतो. पळस फुलतो हे खरे. पण पळस फुलला की नळाचे दिवस लांबू लागतात, हे गणित आमच्या घरातले लहान मूलही जाणते. त्यातल्या त्यात आपले बुलढाणा गाव घाटावर वसलेले. राजूरचा घाट चढून वर आले की मलकापूर-नांदुऱ्याकडची होरपळ थोडी मागे राहते. त्यामुळे इथे सायंकाळी सात वाजता सभा भरते आणि आपण सर्व तीस येता, याबद्दल आपले आभार मानावे की घाटाचे, हे आम्हास नीट कळत नाही.

चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘गवत’ असे उत्तर दिले. ते हसले. गवतावर तासभर कोण ऐकणार, असा त्यांचा भाव दिसला. आम्ही म्हटले, गवत नुसते नव्हे, माणसाच्या डोक्याइतके उंच गवत, दारात लावले तर शोभेल असे आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून उभे राहील असे. तेव्हा ते गंभीर झाले आणि म्हणाले, ‘असे गवत असेल तर आमच्याही दारात पाहिजे.’ मग विषय ठरला.

त्या गवताचे नाव वाळा. वाळा म्हटले की काहींच्या मनात तान्ह्या बाळाच्या पायातला चांदीचा वाळा येईल, काहींच्या मनात माठातल्या पाण्याचा वास येईल. आम्हाला या दुसऱ्या वाळ्याविषयी बोलावयाचे आहे. गंमत अशी की, हा वाळा आपण सर्वांनी हाताळला आहे, हुंगला आहे, त्याचे पाणी प्यालो आहोत. पण त्याचे झाड उभे असलेले फार थोड्यांनी पाहिले आहे. बाजारात बोहारणीच्या बोचक्यासारखी गुंडाळी करून ठेवलेली ती तपकिरी मुळे म्हणजेच वाळा, अशी आपली समजूत. वस्तुतः ती मुळे एका देखण्या गवताची आहेत. जमिनीतून पात्यांचा दाट झुबका वर येतो, दीड मीटरपर्यंत चढतो, पाती वरच्या टोकास वाकून कारंज्यासारखी पसरतात आणि पावसाळा ओसरू लागला की त्यातून जांभळट तपकिरी तुरे निघतात. ते तुरे माणसाच्या डोक्यावरून जातात. आश्विनातल्या सायंकाळी मावळतीचे ऊन त्या तुऱ्यांतून येताना पाहिले तर त्याला शोभेचे झाड म्हणावयास कोणी हरकत घेणार नाही.

संस्कृतात याला उशीर म्हणतात. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकारंभी शकुंतलेच्या दाहासाठी उशीराचा लेप नेला जात आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना शाळेपासून ठाऊक असेल. उत्तरेकडे त्याला खस म्हणतात. तमिळमध्ये वेट्टिवेर म्हणतात, म्हणजे खणून काढलेले मूळ. आणि तोच शब्द पुढे फिरंग्यांच्या जहाजांतून जगभर गेला. आज हैती, जावा, रेयुनियाँ अशा दूरदूरच्या बेटांवर या मुळांचे तेल काढतात. आपल्याकडे कनोजचे अत्तरवाले तांब्याच्या भांड्यांतून ते काढीत आले, आणि तांब्यामुळे त्या अत्तराला हिरवी झाक येते. जगातील पुष्कळ महागड्या अत्तरांच्या तळाशी हे तेल असते, कारण ते हवेत लवकर उडत नाही आणि दुसऱ्या सुगंधांनाही धरून ठेवते.

वाळ्याचे पडदे आपल्या कचेऱ्यांत आणि बंगल्यांत एके काळी लागत असत. हिंदीच्या शेजारामुळे वऱ्हाडात त्यांना खसाच्या ताट्या म्हणत. दारात ताटी लावावी, तिच्यावर पाणी शिंपडावे, आणि बाहेरची लू आत येताना सुगंधी झुळूक होऊन यावी. यात जादू नाही. एक लिटर पाणी वाळून जाताना हवेतून जेवढी उष्णता ओढून घेते, तेवढ्या उष्णतेत पाच लिटरांहून अधिक बर्फगार पाणी उकळीस येईल. वाळ्याचे मूळ बारीक, दाट, आणि भिजून सुकून पुन्हा भिजले तरी लवकर न कुजणारे. म्हणून या कामास ते सर्वांत बरे. ही युक्ती मुंबईच्या दमट हवेत चालत नाही, ती चालते आपल्याच कोरड्या हवेत. आज घरोघर जे कूलर घरघरतात ते या ताटीचेच नातू. त्यांत आता बहुधा लाकडाचा भुसा असतो, आणि वास येतो तो भिजलेल्या खोक्याचा!

पण मुळांची ही थोरवी आजचा विषय नव्हे. आमचा विषय ते मूळ जमिनीत असतानाचा आहे. आणि त्याकडे आम्ही वळलो ते एका फजितीतून, ती आधी सांगतो.

घर बांधले तेव्हा सर्वांसारखी आम्हालाही हौस होती की, पुढे हिरवळ असावी. रोपवाटिकेतून गवताच्या चौकटी आणल्या, पन्नास चौरस मीटर जागेवर अंथरल्या. दोन पावसाळे डोळ्यांचे पारणे फिटले. मग २०१८ साल आले. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या नळाचे पाणी येईना, टँकरची वाट पाहण्यात दुपारी जाऊ लागल्या. त्या वेळी एके दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज निदान पाच लिटर पाणी हवे. पन्नास मीटरांस अडीचशे लिटर झाले. आणि खेड्यात माणसाला रोज किती पाणी मिळावे असे शासनाने ठरविले आहे? पंचावन्न लिटर. म्हणजे आमची हिरवळ रोज साडेचार माणसांचे पाणी पीत होती. हा आकडा आम्ही घरात वाचून दाखविला. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद झाले आणि पंधरा दिवसांत हिरवळीचे गोणपाट झाले.

पुढच्या पावसाळ्यात एका स्नेह्यांनी वाळ्याची पंचवीस ठोंबे आणून दिली. आम्ही ती मोठ्या कौतुकाने कडुनिंबाच्या सावलीत लावली, कारण आम्हास वाटले, बिचाऱ्यांना ऊन लागेल. एकवीस मेली. ज्या गवताचा जन्म उन्हासाठी, त्याला आम्ही छत्री धरली होती! वाळ्याला सावली सोसत नाही, विशेषतः पहिल्या वर्षी. उरलेली चार आम्ही उचलून फाटकाच्या बाजूस, पश्चिमेच्या भिंतीशी, जिथे दुपारभर विस्तव असतो तिथे हलविली. आज त्या चारांची तीसच्या वर बेटे झाली आहेत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना भांडी विसळलेल्या पाण्यापलीकडे काही घातले नाही. वैशाखात ती पिवळी पडली, वरून मेल्यासारखी दिसली. आणि पहिल्या वळवाबरोबर पुन्हा कोंभ आले.

हे कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. हिरवळीच्या गवताचे मूळ वीतभर खोल जाते, म्हणून वरची वीतभर माती सुकली की ते संपले. वाळ्याचे मूळ सरळ खाली जाते. जमीन भुसभुशीत असेल तर वर्षभरात ते तीन मीटरपर्यंत उतरते, म्हणजे पुरुषभर खड्ड्याच्याही खाली. आडवे मात्र ते फारसे पसरत नाही. त्यामुळे शेजारच्या मोगऱ्याच्या ताटातले ते ओढत नाही, आणि हरळीसारखे धावतही सुटत नाही. लावले तिथेच ते जाड होत जाते. शोभेच्या झाडात हा सभ्यपणा दुर्मिळ आहे.

आता घरातून जरा बाहेर पडू. आपण घाटावरचे लोक उतारावर राहतो. बुलढाणा, चिखली, मेहकर हा सारा अजिंठ्याच्या रांगेचा प्रदेश. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते आणि येळगावच्या धरणात अडून आपल्या माठात येते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की ओढ्याचे पाणी चहासारखे दिसते. ते पाणी नव्हे, ती कोणाची तरी शेते असतात. एक बोटभर माती तयार व्हावयास शतके लागतात आणि एका सायंकाळी ती धरणात जाऊन बसते. शेतकऱ्याचे शेत जाते आणि गावाच्या धरणातली पाण्याची जागाही जाते, असे हे दुहेरी नुकसान.

गाळ काढण्याचे काम आपल्या जिल्ह्याने केलेले आहे आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली. २०१८ साली शासन आणि भारतीय जैन संघटना यांनी मिळून आपल्या जिल्ह्यात मोठी मोहीम काढली. तलावा-तलावांत यंत्रे उतरली, आणि काढलेला गाळ शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरने नेऊन शेतात पसरला. आम्ही स्वतः त्या उन्हाळ्यात एका तलावाच्या काठावर उभे राहून ते दृश्य पाहिले आहे. पण तिथेच आमच्या शेजारी एक म्हातारेबाबा उभे होते. ते म्हणाले, ‘अजी, खालचा गाळ काढून राहिले हे चांगलंच हाय; पण वरून येनं बंद झालं काय?’ आम्हाला उत्तर देता आले नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे, असे समजा.

वरून येणे बंद करावयाचे तर उतारावर पाणी हळू चालले पाहिजे. त्यासाठी आपण मातीचे बांध घालतो. हलक्या जमिनीत ते टिकतात. पण आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, बांधालाही भेगा पडतात, आणि पहिल्याच पावसात पाणी त्या भेगेतून वाट काढते. एकदा बांध फुटला की अडलेले सगळे पाणी एका जागी लोटते आणि शेतात घळ पडते. वाळ्याची रीत वेगळी आहे. सम पातळीच्या रेषेवर वाळ्याची ठोंबे वीतभरापेक्षा कमी अंतराने, एकाला एक लागून लावली की दोन-तीन वर्षांत त्यांचे कुंपण बनते. ते पाणी अडवीत नाही, त्याचा वेग काढून घेते. पाणी पात्यांतून गाळून पुढे जाते, माती मागे राहते. दरवर्षी थोडीथोडी माती त्या ओळीमागे साचते आणि गवत तिच्याबरोबर वर चढते. कारण त्याच्या पेरांना माती लागली की नवी मुळे फुटतात. असे करता करता उतारावर आपोआप पायऱ्या पडतात. बांध जुना झाला की झिजतो. हा धुरा मात्र जुना झाला की उंच होतो.

ही आमची कल्पना नव्हे. कर्नाटकात गुंडलुपेटच्या बाजूचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावीत आले आहेत. त्यांना कोणी शास्त्रज्ञाने शिकविले नव्हते. १९५० नंतरच्या दशकात फिजी बेटांवर जॉन ग्रीनफील्ड नावाच्या गृहस्थांनी उसाच्या उतरत्या शेतांतून या ओळी लावल्या. पुढे १९८० नंतर तेच ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेच्या कामासाठी हिंदुस्थानात आले आणि येथल्या कोरडवाहू शेतीत वाळा लावा म्हणून सांगू लागले. म्हणजे आपलेच गवत आपल्याला फिजीवरून परत आले! त्या सुमारास आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही काळ्या जमिनीवर वाळ्याच्या ओळींचे प्रयोग झाले, आणि ओळींमुळे माती व ओल दोन्ही राखली जातात असे दिसून आले. अकोला येथून शंभर किलोमीटरांच्या आसपास. पण तिथली गोष्ट आपल्या धुऱ्यापर्यंत मात्र पोचली नाही.

का पोचली नाही? आमच्या मते कारण उघड आहे. वाळ्याच्या ओळीचे उद्‌घाटन करता येत नाही. सिमेंटच्या बंधाऱ्यावर पाटी बसते, फीत कापता येते. गवताच्या ठोंबासमोर उभे राहून छायाचित्र काढले तर गवतच दिसत नाही. शिवाय पहिली दोन वर्षे ते अगदी दीनवाणे दिसते, गुरे कोवळी पाती खातात, आणि शेतकरी म्हणतो, यात काही दम नाही. तिसऱ्या वर्षी दम येतो, पण तोवर योजना संपलेली असते.

दुसरी एक अडचण खुद्द वाळ्याच्या सुगंधात आहे. मुळाला बाजारात भाव आहे, आणि मूळ काढावयाचे तर जमीन खणावी लागते. ज्या मुळांनी माती धरून ठेवावयाची ती काढण्यासाठीच माती उकरली, तर ती ओळ घात करील. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे आमचे स्पष्ट मत आहे. धुऱ्यावरच्या आणि उतारावरच्या वाळ्याला कधीही कुदळ लावू नये. त्याची पाती कापावी, छपरावर घालावी, झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरावी. माठासाठी मुळे हवी असतील तर जुन्या पिंपात किंवा सिमेंटच्या पोत्यात वाळू-माती भरून दोन ठोंबे वेगळी लावावीत. दीड वर्षाने पोते फाडावे आणि मुळे धुऊन घ्यावीत. आमच्या घरी या उन्हाळ्यात माठात जो वाळा आहे तो अशा पोत्यातला आहे. बाजारच्याहून त्याचा वास थोडा ओला येतो, पण पाणी कोणी नाकारीत नाही.

घाटाखालच्या मंडळींसाठी एक शब्द. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा असा पसरला आहे. तिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि दारात झाड जगवणे म्हणजे परीक्षाच. वाळा खारट जमिनीतही बऱ्यापैकी तग धरतो. पहिले दोन-तीन महिने मात्र पावसाचे गोडे पाणी मिळाले पाहिजे. खारपट्ट्यात तो उत्तम वाढेल असे आम्ही म्हणत नाही. दुसरे गवत मरेल तिथे तो जगेल, एवढेच म्हणतो.

हल्ली नव्या बंगल्यांच्या दारात पांढऱ्या कापशी तुऱ्यांचे एक उंच परदेशी गवत दिसू लागले आहे. त्याला पंपास म्हणतात. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे. दिसावयास सुंदर आहे, नाही असे नाही. पण कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडात ते बागेतून सुटले आणि रानात घुसले, त्यामुळे तिथे त्याला आता शत्रू मानतात. आपल्याला हे नवे नाही. गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले आणि आज कोणत्या गावाच्या वेशीवर ते नाही? लोणारच्या विवरात विलायती बाभळीने जे माजविले ते काढण्याचे काम अंगावर आले, हेही आपण पाहिले आहे. म्हणून पाहुणा घरात घेण्यापूर्वी तो परत जातो की नाही, हे विचारावे. वाळ्यातही एक भेद आहे. उत्तरेकडच्या रानटी वाळ्याला बी धरते आणि तो पसरू शकतो. दक्षिणेकडे लावणीचा जो वाळा आहे त्याचे बी बहुधा रुजत नाही, तो ठोंबापासूनच वाढतो. बागेला आणि धुऱ्याला हा दक्षिणेचाच घ्यावा.

आणि ज्यांना अगदी इथलेच गवत हवे त्यांनी रोशाचा विचार करावा. त्याला तिखाडी असेही म्हणतात. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या उतारांवर ते आपोआप उगवते, माणसाहून उंच जाते, त्याचे पान चुरगाळले की गुलाबासारखा, थोडा आल्यासारखा वास येतो. खानदेशात आणि वऱ्हाडात एके काळी रानात भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. ते मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानाकडे जाई आणि तिथे खऱ्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. म्हणजे युरोपातल्या कित्येक थोर स्त्रियांनी गुलाब म्हणून आपले रानगवत हुंगले असणार! याच्या शास्त्रीय नावात मार्टिन हे नाव आहे. क्लॉड मार्टिन हे लखनौचे प्रसिद्ध सेनानी. टिपूवरच्या स्वारीत असताना बालाघाटाच्या पठारावर त्यांनी या गवताचे बी गोळा केले, आणि हे गवत खाणाऱ्या गुरांच्या दुधालाही वास येतो असे नोंदविले. हा बालाघाट दक्षिणेतला, आपला वऱ्हाडचा बालाघाट नव्हे. पण आपल्या बालाघाटावरही तेच गवत आहे, हे विशेष.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हटकून येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. वाळ्यात साप येतात का? कोणत्याही दाट झुडपात उंदीर येतील तिथे साप येईल. आमच्या दारात गेल्या चार वर्षांत एक धामण दिसली, ती आपल्या वाटेने निघून गेली. बेट वर्षातून एकदा-दोनदा गुडघ्याच्या खाली कापावे, बुडातली वाळलेली पाती काढावी, म्हणजे आतले सगळे उघडे राहते. उन्हाळ्यात वाळलेल्या पात्याला आग लवकर लागते, त्यासाठीही ही कापणी माघ-फाल्गुनात झालेली बरी. आणि लहान मुलांना खेळावयास हिरवळ हवी असेल तर वाळा तिची जागा घेणार नाही. त्याची पाती खरखरीत असतात. मुलांसाठी अंगणात मुरूम टाकावा. आम्ही लहानपणी त्यावरच पडलो आणि वाढलो.

लावणीचे सांगून संपवितो. मृगाचा पाऊस जमिनीत वीतभर मुरला की लावणी करावी. त्याआधी नको आणि श्रावण उलटल्यावरही नको. जुने बेट कुदळीने उपटावे, हाताने फोडून तीन-तीन काड्यांचे एकेक ठोंब करावे, वरची पाती वीतभर ठेवून छाटावी, मुळेही चार बोटे ठेवून छाटावी, आणि शेणमातीच्या पातळ काल्यात बुडवून त्याच दिवशी लावून टाकावे. भिंतीशी शोभेसाठी लावावयाचे तर दोन हातांचे अंतर, उतारावर कुंपण करावयाचे तर चार-पाच बोटांचे. पाऊस उघडला तर पहिले तीन महिने आठवड्याला एकदा पाणी. पुढे त्याचे तो पाहील.

आमच्या फाटकापाशी जी बेटे आहेत ती यंदा फोडावयाची आहेत. ठोंबे शे-दीडशे तरी निघतील. ज्यांना हवी असतील त्यांनी मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर सकाळी यावे. येताना ओले गोणपाट आणावे, आणि जमल्यास एक कुदळही. आमच्याकडची एकच आहे आणि तिचा दांडा गेल्या वर्षीपासून हलतो आहे.